ते जंतू माझेच आहेत का?

आमच्या घरात जेवताना शीच्या रंगाची चौकशी झाली तरी कोणी नाक मुरडत नाही. बाजारातला भाव विचारावा तसं मुलीचे बाबा तिला विचारतात, "आज रंग कसा हाय?" आणि ती भाकरीचा तुकडा मोडत सांगते, "मस्त हाय बाबा, पिवळाधमक." नवा पाहुणा असला तर घास तोंडाशी धरून थांबतो. मग त्याला सगळी हकिकत सांगायला कोणीतरी बसतं. बहुतेक वेळा सासूबाईच बसतात. आज मी सांगते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूर मंडलात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. मी सरकारी मराठी शाळेत शिकवते, मुलीचे बाबा कापूस आणि सोयाबीन करतात. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहायला लावून ही मुलगी झाली. वावरात वेचणी चालली होती, घरात कापसाचे ढीग होते, आणि त्या ढिगांच्या बाजूला सासूबाईंनी पाळणा बांधला. बाळ थोडं पिवळं होतं. सगळ्यांचीच लेकरं जन्मताना थोडी पिवळी असतात, कोवळं ऊन दाखवा, उतरेल, असं जो तो म्हणायचा. आम्ही ऊन दाखवत राहिलो. महिना होत आला तरी डोळ्यांतला पिवळेपणा हटेना.

माझ्या मनात शंका आली ती दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांवरून. तान्ह्या बाळाची शी कापडावर हळदीसारखी उतरते, कितीही धुतलं तरी डाग राहतो. आमच्या लंगोटांवर शीचे डाग नव्हतेच. भिजवलेल्या चुन्यासारखी शी व्हायची आणि पाण्यासरशी निघून जायची. डाग होते ते लघवीचे. गडद, चहासारखे. हे उलटं आहे एवढं मला कळलं, पुढचं काही कळलं नाही.

सासूबाईंना मी मामी म्हणते. त्या पाळण्याची दोरी ओढत बसल्या होत्या. मी विचारलं, "मामी, हिची शी पांढरी काऊन होते?"

"दूध पेते ना ते. दुधासारखीच होईन."

"मग शेजारच्या पोराची पिवळी काऊन होते? तेही दूधच पेते."

त्यांनी दोरी ओढणं थांबवलं. मग म्हणाल्या, "कावीळच हाय ते. नदीपलीकडं एक माणूस पाला देते. आपल्या घरात तिघांची उतरवली त्यानं."

"ते तिघं मोठे होते मामी. ही महिन्याची बी नाही."

त्यांना माझं बोलणं टोचलं असणार. सून चार बुकं शिकली म्हणून आता आपल्याला शिकवते, असं त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं.  मुलीचे बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "उद्या आदिलाबादले जाऊ. डॉक्टर काही नाही म्हणले, तर परवा पाल्यावाल्याकडं." सासूबाईंनी हे कबूल केलं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी चप्पल घालून तयार होऊन बसल्या.

मी वापरलेला लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेला. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मला लाज वाटायला लागली. एवढ्या शिकलेल्या माणसासमोर हे कसं उघडायचं? पण लेकरांच्या डॉक्टरांनी पिशवी स्वतः हातात घेतली, खिडकीशी जाऊन उजेडात लंगोट पाहिला. मग बाळाचं पोट चाचपलं. उजव्या बरगडीखाली त्यांची बोटं थांबली, पुन्हा तिथंच गेली. ते म्हणाले, "हे तुम्ही आणलंत ते फार बरं केलंत. पित्ताची नळी बंद असावी. हैदराबादला न्या. आठवडा घालवू नका, उद्याच पोहोचा. ही शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर आशा जास्त असते."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी पाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. "हैदराबादले किती भाकरी लागतीन?" एवढंच विचारलं.

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. लहान मुलांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीण बाई तेलुगूत बोलायच्या, मी ते घरच्यांना आमच्या बोलीत सांगायची. त्या म्हणाल्या, लिव्हर पित्त तयार करतं आणि ते नळीतून आतड्यात उतरतं. त्या पित्तामुळंच शीला पिवळा रंग येतो. हिची नळी जन्मापासून बुजलेली आहे. पित्त लिव्हरमध्येच तुंबतं आणि लिव्हरला आतून इजा करतं. आम्ही बुजलेली नळी काढून टाकू, आतड्याचा एक भाग वर आणू आणि सरळ लिव्हरला जोडू.

सासूबाईंनी विचारलं, "लिव्हर म्हणजे कलेजी ना? बकऱ्याची असते ते?"

मी हो म्हटलं.

"आन् आतडी कलेजीले शिवते ही बाई? एवढ्याशा लेकराची?" त्यांनी डॉक्टरीण बाईंच्या हातांकडं पाहिलं. बारीक, लहान हात होते. "शिवू दे," त्या म्हणाल्या. "हात चांगले हायेत."

शस्त्रक्रियेनंतर आमचं सगळं लक्ष लंगोटावर होतं. बाळ कसं आहे हे आम्ही तोंडाकडं पाहून ठरवत नव्हतो. पहिल्यांदा पांढरीच शी आली, दुसऱ्यांदाही. मुलीचे बाबा बाहेर जाऊन उगाच जिना चढायचे आणि उतरायचे. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या की प्रत्येक बाळात पित्त वाहायला लागेलच असं नाही, वाट पाहायची. आम्ही पाहिली. आणि एका सकाळी मी लंगोट सोडला तर त्यावर हिरवट रंग होता. खरंच आहे की मला दिसतोय, हे समजेना, म्हणून मी तो सासूबाईंपुढं धरला. त्यांनी जवळून पाहिला, लांबून पाहिला. मग पदर खोचून व्हरांड्यात गेल्या, गावाकडं फोन लावला आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोट्टी हिरवी हागली व माय! हिरवी हागली!"

त्या वॉर्डात तेलुगू, उर्दू, लंबाडी, कितीतरी भाषा बोलणाऱ्या बाया होत्या. या वाक्याचा अर्थ कोणालाच सांगावा लागला नाही. एकीनं येऊन सासूबाईंचा हात धरला. दुसरीनं आमच्या बाळाचा लंगोट पाहायला मागितला आणि कितीतरी वेळ ती तो पाहत राहिली.

घरी सोडताना डॉक्टरीण बाईंनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं ते मी शिक्षिका असल्यामुळं धड्यासारखं लक्षात ठेवलं. त्या म्हणाल्या, "अम्मा, आतड्यात असंख्य जंतू राहतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. ते तिथं असायलाच हवेत. पण आपल्या पित्तनळीच्या तोंडाशी एक झडप असते, ती त्यांना वर जाऊ देत नाही. हिला ती झडप नाही. हिचं आतडं सरळ लिव्हरला जोडलेलं आहे. जंतू वर चढले तर लिव्हर सुजेल. ताप, पांढरी शी, डोळे पिवळे, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही."

मी विचारलं, "मग जंतू मारायचं औषध रोजच दिलं तर?"

"काही काळ देऊ. पण जन्मभर सगळे मारत बसलो तर चांगलेही मरतील," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आणखी सांगितलं. पित्त आतड्यात पोहोचलं नाही की तिथल्या जंतूंचा मेळ बिघडतो. पित्तच त्यांना आवरून धरत असतं. मेळ बिघडला की आतड्याचं अस्तर सैल पडतं, आणि जंतूंचा विखार रक्तातून पहिल्यांदा लिव्हरकडंच जातो. म्हणजे तुंबलेलं लिव्हर आधीच दुखावलेलं असतं, त्यावर हा दुसरा मार. उलट काही जंतू लिव्हरला जपतात असंही दिसतं. कोणते जपतात आणि कोणते छळतात, हे अजून शोधलं जातंय.

हे सगळं मी बसमध्ये सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ताप आला की बस गाठायची." त्या दिवसापासून दाराच्या खुंटीवर एक पिशवी कायम भरलेली असायची. त्यात कपडे, औषधं, चादर आणि हाताला लागेल तो शेवचिवडा.

ताप आले. एकदा नाही, अनेकदा आले. त्यातला एक सांगते. मुलगी तेव्हा पाचेक वर्षांची होती. बाजाराचा दिवस होता आणि तिचे बाबा कापूस गाडीत भरत होते. मी शाळेतून आले तर ती उंबऱ्यावर बसलेली, गाल लाल, हात भाजल्यासारखे गरम. मी मोरीत जाऊन पाहिलं, शी फिकट. मी हाक मारायच्या आधी सासूबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. मुलीच्या बाबांनी अर्धी भरलेली गाडी तशीच सोडली, भावकीतल्या एकाला "तू पाह्य" म्हणाले आणि मोटरसायकल काढली. त्या वर्षी तो कापूस कोणी भरला, कुठं गेला, हे आम्ही नंतर विचारलंही नाही.

आदिलाबादच्या दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला तसं तिचं तोंडही सुरू झालं.

"आई, मले काय झालं?"

"जंतू वर चढले."

"कुठून आले ते?"

"तुझ्या पोटातूनच."

ती सलाईनच्या थेंबांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते जंतू माझेच आहेत का?"

"तुझेच."

"मग मलेच काऊन त्रास देऊन राह्यले?"

"ते वाईट नाहीत. चुकीच्या जागी गेले म्हणून त्रास झाला."

"त्यांची नावं काय?"

मला नावं येत नव्हती. तिनं मान वळवून माझ्याकडं नीट पाहिलं. "तुले माहीत नाही? तू तर टीचर हायेस ना?"

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा खोकत खोकत हसला. मीही हसले. पण घरी आल्यावर मी माझ्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला फोन केला. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिनं दोन-तीन नावं सांगितली, ती मी पाठ केली आणि मुलीला शिकवली. "ई-कोलाय" हे नाव तिला फार आवडलं. काही दिवस आमच्या गोठ्यातल्या कालवडीचं नाव ई-कोलाय होतं.

मोठी होत गेली तशी तिची प्रश्न विचारायची खोड वाढली. हैदराबादला तपासणीला गेलो की मी माझे प्रश्न मनात जुळवत असायची, आणि ही खुर्चीवर बसल्या बसल्या डॉक्टरीण बाईंना आधीच गाठायची. माझी प्लीहा मोठी का आहे? मला कबड्डी का नको आणि धावणं का चालतं? गोळी बंद केली तर काय होईल? डॉक्टरीण बाईंनी तिला कधी "तू लहान आहेस" असं म्हटलं नाही. एकदा वर्गातल्या एका मुलीनं तिच्या डब्याला हात लावायला नकार दिला, कावीळ लागते म्हणून. मी शाळेत जायला निघाले तर ही म्हणाली, "तू नको जाऊ. मीच सांगतो तिले." दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून तिनं सांगितलं की ही कावीळ लागत नाही, ही नळीची गोष्ट आहे, आणि फळ्यावर काढून दाखवलं. तीच मुलगी आता तिची सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. लोणचं दोघी एकाच बरणीतून खातात.

नववीत तिनं जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला. शाळेतल्या सरांनी विचारलं, सोपा काही घेत नाहीस का, सौरऊर्जा वगैरे? ती नाही म्हणाली. मग आमच्या ओसरीत काम सुरू झालं. थर्माकोलचं लिव्हर. बाबांनी दिलेली ठिबकची नळी, तिची पित्तनळी. आरपार दिसणाऱ्या जाड पाइपचं आतडं. जंतू म्हणून ज्वारी, मोहरी, तीळ आणि जवस. पित्त म्हणून हळदीचं पाणी. आतड्याला ठिकठिकाणी बारीक भोकं पाडून त्यांवर अस्तर म्हणून फडकं गुंडाळलं होतं. हळदीचं पाणी चालू असलं की फडकं घट्ट. नळी चिमट्यानं बंद केली की ती फडकं ढिलं करायची आणि मोहरी भोकांतून लिव्हरच्या दिशेनं घरंगळायची. मोहरी कधी अडकायची, कधी भलतीकडं जायची. सासूबाईंनी त्यातली निम्मी मोहरी परत घेऊन फोडणीला वापरली.

प्रदर्शन आदिलाबादला होतं. आम्ही तिघंही गेलो. परीक्षक आले. ती तेलुगूत बोलायला लागली. घाई नाही, पाठ केल्यासारखंही नाही. पित्तनळी बंद झाली की लिव्हरला फक्त तुंबल्यामुळं इजा होत नाही, आतड्यातल्या जंतूंचा मेळ बिघडतो त्याचाही त्यात हात असतो, हे तिनं हळदीचं पाणी थांबवून दाखवलं. परीक्षकांपैकी एका वयस्कर सरांनी विचारलं, "मग औषध देऊन सगळे जंतू मारले की प्रश्न संपला?"

ती म्हणाली, "नाही सर. ही ज्वारी पाहा. हे जंतू लिव्हरला मदत करतात. सगळे मारले तर कधी कधी जास्त नुकसान होऊ शकतं."

"नेमके कोणते ठेवायचे, कोणते मारायचे?"

"ते मला माहीत नाही सर," ती म्हणाली. "पूर्ण कोणालाच माहीत नाही अजून. शोधतायत."

सरांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. "कुठं वाचलंस हे सगळं?"

"थोडं वाचलं. थोडं माझ्या पोटात झालं." आणि तिनं साध्या आवाजात आपल्या शस्त्रक्रियेचं सांगितलं. कणव मागितली नाही, फुशारकी मारली नाही. सर पुढं जायला निघाले होते ते पुन्हा मागं वळले आणि तो चिमटा त्यांनी स्वतःच्या हातानं लावून, काढून पाहिला.

ते गेल्यावर सासूबाई पुढं झाल्या. "त्याईले तेलुगूत काय सांगितलं? आता मले सांग."

"आजी, वावरात डवरा चालला नाही तर काय होते?"

"तण माजते."

"पित्त म्हणजे आतड्यातला डवरा. तो बंद झाला की तण माजते आणि कलेजीले त्रास देते. पण सगळ्यावर तणनाशक मारलं तर?"

"कापसाची पराटीबी जळते," सासूबाई म्हणाल्या. मग आजूबाजूला जमलेल्या, आमच्यासारख्याच सीमेवरच्या गावांतून आलेल्या आयाबापांकडं वळून त्यांनी जाहीर केलं, "मले समजलं. ज्याले नाही समजलं त्यानं पुन्हा विचारा, सांगते ते."

पहिला नंबर पिकावर पाणी मारणाऱ्या यंत्राला गेला. आमचा तिसरा आला. मुलीचे बाबा परतीच्या वाटेवर ते प्रमाणपत्र मांडीवर ठेवून बसले होते, बसमध्ये शेजारी जो बसेल त्याला दिसेल अशा बेतानं धरून.

आता ती इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात आहे, जीवशास्त्र घेऊन. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. तिच्या लिव्हरवर थोडे व्रण आहेत. मागच्या तपासणीत तिनं स्वतःच विचारलं, "मला पुढं लिव्हर बदलावं लागेल का?" डॉक्टरीण बाई आता केसांनी पांढऱ्या झाल्यात. त्या म्हणाल्या, "लागू शकतं. कदाचित खूप वर्षांनी, कदाचित नाहीही. आज तुझं लिव्हर चांगलं काम करतंय." तिचे बाबा लगेच म्हणाले, "माझ्यातलं घ्या." ती त्यांना म्हणाली, "आधी तुमी तंबाखू सोडा बाबा, मग पाहू." डॉक्टरीण बाईंना मी ते तेलुगूत सांगितलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. मुलीच्या बाबांनी मात्र तेव्हापासून तंबाखूची पुडी खरंच बंद केली आहे.

त्याच दिवशी निघताना डॉक्टरीण बाईंनी तिला थांबवलं. उटनूरकडचं एक जोडपं आलं होतं, त्यांच्या बाळाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी व्हायची होती. आई सकाळपासून जेवली नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. "तू जरा बस तिच्याजवळ," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

मुलगी तिच्याकडं गेली. बाक मोकळा होता तरी ती त्या बाईशेजारी जमिनीवर बसली. आधी बाळाकडं पाहिलं, मग तेलुगूत म्हणाली, "मी पण अशीच पिवळी होते." बाईनं मान वर केली. मग एकामागून एक प्रश्न. शाळेत जातेस का? तिखट खातेस का? रोज दुखतं का? लग्न होईल का? मुलीनं सगळ्यांची उत्तरं दिली. लग्नाच्या प्रश्नाला म्हणाली, "मुलगा पसंत पडला तर." त्या बाईला हसू आलं. मग तिनं दबक्या आवाजात पोटावरचा व्रण पाहायला मागितला. दोघी पडद्याआड गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा बाळ माझ्या मुलीच्या कडेवर होतं, आणि ती बाई नवऱ्याला म्हणत होती, "चल, खाली जाऊन दोन घास खाऊन येऊ."

मी समोरच्या खुर्चीवर बसून होते. मुलगी बाळाला थोपटत येरझाऱ्या घालत होती आणि त्याच्याशी आमच्या बोलीत काहीतरी बोलत होती. वॉर्डातल्या नर्सनं मला विचारलं, "ही तुमची कोण?" "माझी मुलगी," मी सांगितलं. नर्सला ऐकू आलं होतं, हे मला दिसलं. तरी मी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.